चार टाक्यांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. आपली कहाणी सांगायची म्हटली की जो तो आपल्या कुळाचा मोठेपणा सांगत सुटतो. कुणी अस्सल सागवानाचं असतं, कुणी राजेरजवाड्यांच्या हातात खेळलेलं असतं. माझ्याकडे तसलं काही नाही. मी सुरुवातीलाच कबूल करते, मी खराब माल म्हणून जन्माला आले. खोट मी केली नव्हती, पण ती माझ्यात होती, आणि ती पोटात ठेवून चारचौघांत उभं राहणं काय असतं ते मला विचारा.

माझा जन्म सिन्नरच्या एमआयडीसीतला, भारतशेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेठ हे आपलं म्हणायला. कांदा-टोमॅटो करणाऱ्या घरातला हा माणूस, वेल्डिंग शिकला आणि पुढे स्वतःचं शेड टाकलं. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असली कामं तो करायचा. एकदम चाळीस खुर्च्यांची ऑर्डर त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

ऑर्डर होती नाशिकरोडच्या एका वसाहतीतल्या वाचनालयाची. तिथल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर लोकांनी वर्गणी काढून मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधली होती. वाचनालयाच्या अध्यक्ष वत्सलाबाई, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांनी रीतसर स्टँपपेपरवर करार केला होता. ‘दाखवलेल्या नमुन्याप्रमाणे चाळीस खुर्च्या’ असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

तो नमुना म्हणजे माझी थोरली बहीण. जाड पाईपाची आणि प्रत्येक जोडाला चारही बाजूंनी भरून वेल्डिंग केलेली. तिच्यावर दोन माणसं उभी राहिली तरी ती हूं की चूं करायची नाही. ती आधीच नाशिकरोडला वाचनालयात जाऊन बसली होती, आणि आम्ही चाळीसजणी तिच्याच नावावर विकल्या गेलो.

मधल्या काळात पाईपाचा भाव वाढला. भारतशेठने दोन दिवस डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोतून बारीक पाईप उतरवला. जाडी इतकी कमी की तो उचलतानाच वाळू हसला. वाळू म्हणजे तिथला जुना वेल्डर.

“शेठ, हा पाईप हाय का पपईचा दांडा?”

“वरून पावडर कोटिंग मारलं की सगळं सारखंच दिसतं. आणि पूर्ण वेल्डिंग नको, नुसते टाके मार. जोडाला एक टाका बास.”

“म्हंजी खुर्चीला चार टाके? त्याच्यावर मानूस बसंल का?”

“बसेल, बसेल. पोरंच बसायचीत,” भारतशेठ म्हणाला आणि मोबाईल कानाला लावून बाहेर गेला.

वाळूने माझे चार टाके मारले. मग मला निळा रंग चढला, पाठीला भुशाचा बोर्ड बसला, वरून प्लास्टिक गुंडाळलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, ती सोनूबाई मीच. दिसायला मात्र झकास होते.

आता पुढची चूक वसाहतीची, आणि ती सांगताना मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. आपल्या माणसांना सत्काराची भारी हौस. कुणी चार पावलं चालून दारात आला की शाल तयार. टेम्पो आला त्या रविवारी खाली विहारात त्रिशरण-पंचशील झालं, वर खुर्च्यांचा ढीग लागला आणि लगेच भारतशेठच्या सत्काराचा कार्यक्रम सुरू झाला. गुलाबाचं फूल, शाल आणि चौकटीतलं सन्मानपत्र. ते आठवडाभर आधीच छापून आणलेलं होतं. ‘ठरल्या वेळी आणि ठरल्या दर्जाचा माल दिल्याबद्दल’ असं त्यात सोनेरी अक्षरांत होतं आणि खाली वत्सलाबाईंची सही. सन्मानपत्राच्या मागे उरलेल्या रकमेच्या चेकचं पाकीटही होतं, कारण देणं बाकी ठेवून सत्कार करणं बाईंना बरं वाटेना.

आमच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

एकच माणूस अस्वस्थ होता. भिमाजीकाका. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. भाजीवाल्याकडची काकडीसुद्धा उजेडाकडे धरून बघणारा. ते हळूच म्हणाले, “वत्सलाताई, एखादी खोलून बघू का?”

“अहो काका, पाहुण्यासमोर? एका हाताने शाल द्यायची आणि दुसऱ्या हाताने माल तपासायचा? काय म्हणेल तो माणूस!”

भिमाजीकाका मागे सरकले. मी भारतशेठकडे बघत होते. शाल अंगावर पडली तेव्हा त्याने आमच्या ढिगाकडे एकदा पाहिलं आणि पटकन मान फिरवली. दोन शब्द बोला म्हटलं तर त्याच्याच्याने बोलवेना. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिक निघालं, आणि सगळ्यात आधी आली ती पायल. बावीस वर्षांची, त्याच वसाहतीतली. आरोग्य सेविकेच्या भरतीची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. घर एका खोलीचं, त्यात आईवडील, दोन भाऊ, आजी आणि आजीच्या मालिका. अभ्यासिका कधी उघडते याच्याकडे ती डोळे लावून बसली होती. मागच्या वेळी तिची निवड थोडक्यात हुकली होती, आणि या वेळी नाही झालं तर लग्नाचं बघायचं असं घरात ठरलं होतं. तिला फक्त एक टेबल, एक खुर्ची आणि शांतता हवी होती.

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. पुस्तक उघडलं, पेन्सिलीने खूण केली, जरा मागे रेलली, आणि कट्ट असा आवाज झाला. मागचा पाय जोडापासून सुटला. पायल पाठीवर पडली, कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. तसाच आवाज माझ्याही पोटात तयार होता, फक्त कुणीतरी बसायचा अवकाश होता.

कोपर चांगलंच खरचटलं, पण हाड वाचलं. भिमाजीकाका घरी जाऊन आपलं जुनं मोजमापाचं व्हर्नियर घेऊन आले. नमुन्याची खुर्ची मोजली, मग आम्हाला एकेक करून मोजलं. प्रत्येक वेळी त्यांच्या मिशा थोड्या खाली यायच्या. अकरा खुर्च्या मोजल्यावर ते थांबले.

“ताई, सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत. पाईपाची जाडी निम्म्याच्या जवळपास, आणि वेल्डिंगच्या नावाखाली चार टाके. यांच्यावर पोरांना बसवायचं नाही.”

वरातीमागून घोडं! पण घोडं आलं हे तरी बरं झालं. वत्सलाबाईंनी अभ्यासिका बंद ठेवायचं ठरवलं आणि भारतशेठला फोन केला. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला.

“मॅडम, एखादी खुर्ची पोरीने झुलवली असेल. एक गेली म्हणून सगळ्या वाईट का? आणि तुम्हीच तर लिहून दिलंय, ठरल्या दर्जाचा माल. तुमची सही आहे. मी फ्रेम शेडमध्ये लावलीये.”

फोन ठेवून वत्सलाबाई कुलूप घेऊन दाराशी आल्या. पस्तीस वर्षं पोस्टात त्यांनी एकाही कागदावर न वाचता सही केली नव्हती. पैसे देऊन झालेले, वर प्रशस्ती देऊन झालेली, आता भांडायचं कशाच्या जोरावर? पायल जिन्यात पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती, दर दोन मिनिटांनी जाणाऱ्या-येणाऱ्याला वाट देत होती. तिच्याकडे बघून बाई म्हणाल्या, “काका, उद्या सिन्नरला जाऊ. एक खुर्ची सोबत घ्या. न मोडलेली.”

ती न मोडलेली खुर्ची मी.

एसटीत मला मागच्या सीटच्या पुढे उभी केली. कंडक्टर म्हणाला, “काय काका, जागा मिळायची नाही म्हणून घरूनच आणली का?” सगळी गाडी हसली. एक आजोबा माझ्यावर टेकायला आले, तर भिमाजीकाकांनी झटकन हात आडवा घातला. “बाबा, उभे राहा, पण हिच्यावर बसू नका.” माझ्यासारख्या खुर्चीला याहून मोठी शरम कोणती? खुर्ची असून बसण्याच्या कामाची नाही.

शेडमध्ये पोचलो. समोरच भिंतीवर सन्मानपत्र लावलेलं, त्याला झेंडूचा हार. दोन गिऱ्हाइकं ते वाचत उभी होती. भारतशेठचा चेहरा आम्हाला बघून उतरला, पण गिऱ्हाइकांसमोर तो मोठ्याने बोलला.

“बघा, ही तर धडधाकट आहे! काय वाईट आहे हिच्यात?”

वत्सलाबाईंनी करार काढला. भिमाजीकाकांनी आकडे सांगितले. भारतशेठ दर वाक्याला भिंतीकडे बोट दाखवायचा. बाई पोरीच्या कोपराबद्दल सांगायच्या, तो सन्मानपत्राबद्दल. अर्धा तास झाला तरी बोलणं जिथल्या तिथे. मला वाटलं, संपलं. आता मी परत जाणार, कुलुपात पडणार, आणि एक दिवस भंगारवाल्याच्या गाडीवर चढणार. पायल जिन्यातच बसून राहणार.

तेवढ्यात भारतशेठची आई सगुणाबाई आली. रोज दुपारी ती गावातून मुलाचा डबा घेऊन यायची. उन्हातून चालत आलेली, पदराने घाम पुसत होती. तिने पाहुण्यांना बघितलं, सन्मानपत्राकडे कौतुकाने मान हलवली. “ह्ये तुम्हीच दिलं न्हवं? लय चांगलं झालं बाई. माझ्या पोराला आजवर कुनी फुलसुदीक दिलं नव्हतं.” मग डबा खाली ठेवला, समोर मी रिकामी दिसले, आणि ती बसायला वाकली.

“आई, तिच्यावर नको!”

भारतशेठ असा ओरडला की वाळूने ग्राइंडर बंद केला. सगुणाबाई अर्धी वाकलेली तशीच राहिली, माझ्या पाठीला धरून.

“का रं? नवीच तर दिसती.”

भारतशेठने पुढे येऊन मला बाजूला ओढलं.

“का नको बसू? बोल की.”

तो पाईपांच्या बंडलाकडे वळला. सगुणाबाईने वाळूकडे पाहिलं, वाळूने हातमोजे काढायला सुरुवात केली. मग तिने वत्सलाबाईंना विचारलं, “बाई, ह्या खुर्च्या कुनासाठी नेल्या तुम्ही?”

“पोरापोरींच्या अभ्यासासाठी. काल एक पडली.”

“म्हंजी मी पडले तर वंगाळ, आन लोकाची लेक पडली तर काय नाय?” ती मुलाला म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. तिने डबा उचलून बाकड्यावर ठेवला आणि उभीच राहिली. दोन्ही गिऱ्हाइकं हळूच बाहेर सटकली.

भारतशेठ पाईपांच्या बंडलावर बसला. “ताई, भाव मधेच वाढला. मी रक्कम आधीच लिहून दिली होती. वाढवून मागायला तोंड नव्हतं.”

“तोंड नव्हतं, पण फोन होता ना?” वत्सलाबाई म्हणाल्या. “सांगितलं असतं तर आम्ही दहा खुर्च्या कमी घेतल्या असत्या. आणि चूक तुमची एकट्याची नाही. बघितल्याशिवाय सही करणारी मीच. माझ्या सहीचा तुम्ही टेकू केलात, कारण मी तो होऊ दिला.”

“पण ताई, चाळीस नव्या बनवून द्यायच्या म्हटलं तर हे शेड विकावं लागेल.”

माझा जीव टांगणीला लागला होता. तेव्हा भिमाजीकाका माझ्याजवळ आले, मला आडवी केली, बोटाने सांधा न् सांधा चाचपला आणि म्हणाले, “नव्या कशाला? आमच्या कारखान्यात टाकून द्यायचा माल वेगळा आणि दुरुस्तीचा माल वेगळा असायचा. या वाचतील.”

‘वाचतील.’ इतका गोड शब्द मी तोवर ऐकला नव्हता. डोळे असते तर रडलेच असते.

मग खरी बोलणी सुरू झाली, आणि ती ऐकण्यासारखी होती. भारतशेठ आणि भिमाजीकाका आता भांडत नव्हते, माझ्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते. चारही पाय जाड पाईपाचे घालायचे आणि सगळे जोड पूर्ण भरायचे, हे भारतशेठने मान्य केलं. बसायच्या खालची चौकट तीच ठेवायची, फक्त तिला आडवी पट्टी द्यायची, हे भिमाजीकाकांनी मान्य केलं. चौकट पातळ राहिली म्हणून जो फरक पडतो, त्याचे पैसे परत न मागता भारतशेठकडून वाचनालयासाठी पुस्तकांचं एक लोखंडी कपाट बनवून घ्यायचं, हे वत्सलाबाईंनी सुचवलं. ते भारतशेठला इतकं पटलं की त्याने लगेच टेप काढून कपाटाची उंची विचारली. टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं यावर मात्र बरीच ओढाताण झाली, शेवटी खुर्च्या सिन्नरला न्यायचं वाचनालयाने, परत पोचवायचं भारतशेठने असं ठरलं. बाईंची एकच गोष्ट हटत नव्हती. चाळीस एकदम तयार होईपर्यंत थांबणार नाही, पहिल्या दहा खुर्च्या आठ दिवसांत हव्यात. परीक्षा कुणासाठी थांबत नाही.

“आन मी बसून बघीन,” सगुणाबाई मधेच म्हणाली.

“कशावर आई?”

“समद्या खुर्च्यांवर. मी बसल्याबिगर एक बी हितून हलायची नाय.”

भिमाजीकाकांनी बिलबुकाचं कोरं पान घेतलं आणि गंभीरपणे लिहिलं, ‘विक्रेत्याच्या मातोश्रींनी प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून पाहिल्याखेरीज माल बाहेर पडणार नाही.’

“काका, हे कोर्टात चालेल का?” भारतशेठने विचारलं. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला.

“कोर्टात जावं लागू नये म्हणून तर लिहितोय.”

सह्या झाल्या. या वेळी वत्सलाबाईंनी कागद दोनदा वाचला, एकदा मोठ्याने. भारतशेठ उठला आणि भिंतीवरचं सन्मानपत्र काढू लागला. बाई म्हणाल्या, “राहू द्या हो.” पण त्याने हार बाजूला केला, फ्रेम फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. “चाळिसावी खुर्ची गेली की लावतो, ताई. आत्ता तिच्याखाली जेवण जायचं नाही.”

मग बाकीच्या खुर्च्या टेम्पोने शेडमध्ये आल्या आणि माझा दुसरा जन्म झाला. वाळूने माझे चारही टाके कापले तेव्हा खरं सांगते, हलकं वाटलं. नवे पाय आले, ठिणग्यांचा पाऊस पडला, जोड चारही बाजूंनी भरून निघाले. वाळू काम करताना गुणगुणत होता. खोटं काम करताना तो कधी गुणगुणला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पहिल्या दहा तयार झाल्या त्या दिवशी सगुणाबाई डबा घेऊन आली आणि तपासणीला बसली. आधी डावीकडे झुकायची, मग उजवीकडे, मग पूर्ण मागे रेलायची, आणि निकाल द्यायची. दोन खुर्च्यांना तिने ‘नाय’ म्हटलं. वाळूने त्या परत घेतल्या. माझी पाळी आली तेव्हा मी श्वास रोखून धरला. ती झुकली, रेलली, आणि उठायच्या ऐवजी पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडत बसली. सगळी जुडी होईपर्यंत उठली नाही. निकाल सांगायचा राहूनच गेला, पण मला कळला.

आठव्या दिवशी आम्ही दहाजणी नाशिकरोडला पोचलो. या वेळी शाल नव्हती, फूल नव्हतं. भिमाजीकाकांनी दारातच प्रत्येकीला व्हर्नियर लावलं, आणि मग वत्सलाबाई आम्हा दहाजणींवर पाळीपाळीने स्वतः बसल्या. त्यानंतरच पोरांना वर बोलावलं.

पायल आली ती कोपराला पट्टी बांधून. आमच्याकडे संशयाने बघत होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तिचं काय चुकलं? तिने माझी पाठ दोन्ही हातांनी धरून हलवली. मी हलले नाही. मग हळूच टेकली, कडेकडेने. पाच मिनिटांनी नीट बसली. दहा मिनिटांनी तिने एक पाय वर घेतला आणि मांडीवर वही ठेवली. त्यापुढे ती मला विसरली. बसणारा खुर्चीला विसरला की खुर्चीचं काम झालं.

महिन्याभरात सगळ्या चाळीस खुर्च्या आल्या, कपाटही आलं. भारतशेठ स्वतः ते वरपर्यंत चढवायला आला होता. वत्सलाबाईंनी त्याला चहा दिला, आणि सोबत बिस्किटं. सत्काराचा विषय दोघांनीही काढला नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे. कुणाचा माल घ्याल तेव्हा पाहुणचार मागाहून करा, आधी बसून बघा. आणि माल फसवा निघाला तर मला लगेच भंगारात काढू नका. ज्याने बनवलं त्याच्या दारात मला घेऊन जा. बहुतेक वेळा त्याला माझ्यातली खोट तुमच्याआधीच माहीत असते, फक्त ती बोलून दाखवायला त्याला कुणीतरी लागतं.

आज सकाळी पायल अभ्यासिकेत आलेली नाही. तिचा पेपर आहे. ओळखपत्र आणि दोन पेनं घेऊन ती आठलाच केंद्रावर गेली, भिमाजीकाका स्कूटरवर सोडून आले. पेपर कसा जाईल, निवड होईल की नाही, ते मला सांगता येत नाही, ते तिचं तिने करायचं आहे. गेले पाच आठवडे ती रोज माझ्यावर बसत होती. चहाला उठली, पाणी प्यायला उठली, आळस द्यायला उठली. दर वेळी ती आपल्या मनाने उठली.